छोट्या ट्रॅक्टरने ड्राइव्हवेवरचा स्नो काढायचा आहे: लोडर पुरेल, ब्लेड घ्यावं की ब्लोअर?

खडीचा_रस्ता:

आधी माहिती देतो. ट्रॅक्टर २५ एचपी डिझेल, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा, वेग पेडलने), फोर व्हील ड्राइव्ह. पुढे लोडर, मागे थ्री पॉइंट (अवजार जोडायचे तीन हात, खाली दोन लोअर लिंक आणि वर टॉप लिंक) आणि ५४० चा पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे). टायर आर-४ (रुंद ठोकळ्यांचे इंडस्ट्रियल). ड्राइव्हवे ७० मीटर लांब, ४ मीटर रुंद. रस्त्याकडचे ५० मीटर खडीचे, गॅरेजसमोरचे २० मीटर डांबरी, आणि खडीच्या भागात मधेच साधारण २० मीटर चांगलाच उतार. एका बाजूला कुंपण, दुसरी बाजू मोकळी. एका झटक्यात ३०-४० सेंमी पडतो, तापमान उणे २० पर्यंत जातं.

लोडरच्या बकेटने काम भागेल का? नाही भागलं तर आधी काय घ्यावं, मागचं ब्लेड की पीटीओवरचा ब्लोअर? साखळ्या खरंच लागतात का, की फोर व्हील ड्राइव्ह पुरेसा आहे? आणि खडी उखडू नये म्हणून काय करता?

ग्रीसगन:

मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतात आणि त्यातून गोंधळ होतो, म्हणून मी खाली स्नो म्हणजे पडलेला भुसभुशीत आणि बर्फ म्हणजे गोठलेला कडक, असंच लिहितोय. दोघांची औषधं वेगळी आहेत.

आधी हिशोब करा. ७० गुणिले ४ गुणिले ०.४ म्हणजे ११२ घनमीटर. ताजा कोरडा स्नो घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ११ टन. तोच ओला असेल तर ३०० किलो सहज, म्हणजे ३३ टनांच्या पुढे. तुमच्या वर्गातल्या ट्रॅक्टरची बकेट पाव घनमीटरची असते. भरायची, न्यायची, ओतायची असं केलंत तर साडेचारशे खेपा. म्हणून बकेट हे स्नो वाहून नेण्याचं साधन नव्हे. ढीग मागे सरकवणं, उंच रचणं, कोपरे साफ करणं एवढंच तिचं काम.

पण अवजारावर पैसे घालण्याआधी पकड बघा. स्नोमध्ये २५ एचपी कधीच कमी पडत नाहीत, कमी पडते ती टायरची पकड. आर-४ टायर रुंद आणि कडक रबराचे, दबलेल्या स्नोवर ते घसरगुंडी खेळतात. माझा क्रम असा: मागे वजन, मग मागच्या टायरला साखळ्या, मग ब्लेड. ब्लोअर सगळ्यात शेवटी, आणि तोही जागा संपली तर.

मागचं वजन. बकेट भरून उचलली की भार पुढच्या अ‍ॅक्सलवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. तुमचे ब्रेकही बहुधा मागच्याच चाकांना आहेत, म्हणजे पकड आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात. थ्री पॉइंटला २५० ते ३५० किलो टांगा. नेमका आकडा लोडरच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. स्वस्तातला मार्ग म्हणजे काँक्रीट. लिटरला साधारण २.४ किलो धरलं तर सव्वाशे लिटर काँक्रीटचे ३०० किलो होतात. २०० लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये लोअर लिंकसाठी आडवी पिन आणि वर टॉप लिंकचा कान बसवून ओतायचं. ड्रम काठोकाठ भरू नका, पावणेपाचशे किलोच्या वर जाईल.

टायरमध्ये द्रव भरण्याचा पर्यायही आहे, पण त्यात एक फरक लोक विसरतात. टायरमधलं वजन मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं. त्याने पकड वाढते, पण पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार कमी होत नाही. तो कमी करायला वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं लागतं. शेतातल्या ट्रॅक्टरला भरतात तसं साधं पाणी इथे चालणार नाही, टायरच्या आत बर्फाचा दगड होईल. कॅल्शियम क्लोराइड जड आणि स्वस्त, पण ट्यूब नसेल तर रिम खातं. बीटचा रस जड आणि गंज न आणणारा, पण महाग. काच धुण्याचं न गोठणारं पाणीही चालतं, फक्त ते हलकं. व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या बारावर ठेवून त्या पातळीपर्यंतच भरा, म्हणजे सुमारे ७५ टक्के. वर हवेची उशी राहिलीच पाहिजे.

साखळ्या: हो, लागतात. शिडीसारख्या आडव्या साखळ्या टायरच्या ठोकळ्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात आणि निरुपयोगी होतात. चौकटीच्या जाळीची साखळी घ्या, ती आडवं घसरणंही रोखते आणि तुमच्या उताराला त्याचीच गरज आहे. घेण्यापूर्वी मडगार्ड, लोअर लिंक आणि टायरच्या आतल्या बाजूच्या हायड्रॉलिक पाइपांपासून किमान ५ सेंमी मोकळं आहे का ते मोजा. नसेल तर व्हील स्पेसर लावावे लागतील. चढवल्यावर १०० मीटर चालवायचं, उतरून पुन्हा ताणायचं. हे दुसऱ्यांदा ताणणं टाळलं की सैल टोक मडगार्डवर आपटत राहतं आणि एक दिवस ते फाडतं. साखळ्या डांबरावर ओरखडे काढणारच. गॅरेजसमोर जागच्या जागी वळू नका, बाकी ते सोसावं लागतं.

पीटीओ_५४०:

वजन आणि साखळ्यांबद्दल ग्रीसगन यांच्याशी सहमत. ब्लोअर शेवटी, हे मात्र पटत नाही. एका बाजूला कुंपण आहे, म्हणजे ढकलायला एकच बाजू. पहिले दोन स्नो मजेत जातात. तिसऱ्याला कडेच्या भिंती गोठून काँक्रीट झालेल्या असतात आणि चार मीटरचा रस्ता अडीच मीटरचा होतो. ब्लोअर स्नो भिंतीवरून पलीकडे फेकतो, रुंदी शेवटपर्यंत तेवढीच राहते.

घेताना इंजिनचे एचपी बघू नका, पीटीओचे बघा. हायड्रोस्टॅटिकमध्ये २५ चे पीटीओला साधारण १८ ते २० उरतात. त्यावर १३५ ते १५० सेंमीचा दोन टप्प्यांचा ब्लोअर बसतो, त्याहून मोठा नको. पण रुंदी साखळ्यांसकट टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा जास्त हवी, नाहीतर चाकं न कापलेल्या स्नोवर चढत राहतात. आधी टेप लावून मोजा.

चालवायची पद्धत. लो रेंज (हळू गिअर) घ्या. हाताच्या थ्रॉटलने इंजिन मीटरवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत नेऊन तिथेच सोडा, पुढचा सगळा खेळ पेडलचा. पंखा पूर्ण वेगात असेल तरच स्नो लांब जातो. थ्रॉटल कमी ठेवून 'हळूहळू' काढायला गेलात की धुराडं (स्नो बाहेर फेकणारी ब्लोअरची नळी) तुंबलंच. इंजिन दबायला लागलं तर पेडल सोडा. घाबरून आणखी दाबणारे बरेच असतात, हायड्रोस्टॅटिकमध्ये त्याने वेग वाढतो आणि ओढ कमी होते, म्हणजे नेमकं उलटं. ४० सेंमी ओल्या स्नोत तासाला एक-दीड किलोमीटर हाच वेग आहे. नाहीच झेपलं तर अर्धी रुंदी कापा.

शिअर बोल्ट (अडथळा आला की मुद्दाम आधी तुटणारे) मूळ दर्जाचेच वापरा. एक तुटला म्हणून हाताशी असलेला कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो. रोटाव्हेटर चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सहा बोल्ट आणि दोन पाने टूलबॉक्समध्ये ठेवा. तुटण्याची कारणं ठरलेली: खडी, स्नोखाली गाडलं गेलेलं वर्तमानपत्र, पायपुसणं, बागेचा नळीपाइप. पहिल्या स्नोच्या आधी एकदा रस्ता चालून या.

आणि धुराडं तुंबलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबल्यावर काठीने. हात कधीच घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात ताण साठलेला असू शकतो, अडथळा सुटला की तो अर्धा वेढा मारतो. बोटं जायला तेवढा पुरतो.

उतारावरचा:

२० मीटर उतार आणि मागचा ब्लोअर म्हणजे मान मागे वळवून रिव्हर्समध्ये चढण. विकत घेण्याआधी एकदा रिकाम्या ट्रॅक्टरने तसं चालवून बघा, मग ठरवा.

उताराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. उतरताना फोर व्हील ड्राइव्ह कधीही काढू नका. ब्रेक मागच्याच चाकांना असतात, पुढची चाकं फक्त ड्राइव्हलाइनमधून रोखली जातात. टू व्हीलमध्ये ब्रेक दाबला की मागची चाकं अडकतात आणि ट्रॅक्टर स्लेजसारखा निघतो. डावा-उजवा ब्रेक पेडल पिनने जोडून ठेवा. लो रेंजमध्ये राहा, वेग पेडलनेच आवरा, न्यूट्रल करून उतरायचं नाही. डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) सरळ जातानाच, वळताना सोडायचा. बकेट गुडघ्याच्या खाली, रोल बार उभा, बेल्ट लावलेला.

आणि आधी उतार साफ करा, मग बाकीचं. उलट केलंत तर तोवर तुमच्याच चाकांनी तिथला स्नो दाबून त्याचा बर्फ केलेला असतो.

ग्रीसगन:

उतार आधी, हे बरोबर. मी लिहायला हवं होतं.

ब्लोअरबद्दल एवढंच म्हणेन की रस्ता अरुंद होतो तो जागा नसते म्हणून कमी, पहिल्या स्नोला आळस केल्यामुळे जास्त. पहिल्याच वेळी स्नो रस्त्याच्या कडेवर न सोडता पलीकडे दोन-तीन मीटर आत ढकला, जणू रस्ता आठ मीटरचा आहे. तेव्हा तो मऊ असतो. गोठल्यावर तीच भिंत सरकवायला गेलात तर लोडरचे हात वाकतील. कडेला खुणेच्या काठ्या जमीन गोठायच्या आधी ठोका, दर तीन मीटरला एक. कुंपणाच्या बाजूला स्नो टाकूच नका, ब्लेड ३० अंशात वळवून सगळा मोकळ्या बाजूला. वळवल्यावर ब्लेडची रुंदी कमी होते, तरीही ती मागच्या टायरच्या बाहेर राहिली पाहिजे. ६ फुटी घ्या.

वादळ चालू असतानाच दर १५-२० सेंमीला एक फेरी मारलीत तर ब्लेडने सहज होतं. ४० सेंमी साठेपर्यंत थांबलात आणि वर पाऊस पडला तर मग खरंच ब्लोअर आठवेल.

आता खडी. पहिला ५ सेंमी स्नो काढायचाच नाही. चाकांनी दाबू द्या, गोठू द्या, त्याची एक पाटी तयार होते आणि पुढचे महिने तुम्ही त्या पाटीवरून काढता. ब्लेडला घसरपट्ट्या (धार जमिनीपासून वर धरणारे पाय) असतील तर जमिनीपासून अडीच-तीन सेंमी वर ठेवा. बकेटसाठी जुनी युक्ती: ५ सेंमी व्यासाचा लोखंडी पाइप लांबीत एका बाजूने चिरायचा आणि बकेटच्या धारेवर सरकवून दोन्ही टोकांना क्लँप करायचा. धार गोल झाली की खडीत घुसत नाही. डांबरावर पोचलात की पाइप काढा.

लोडरचा लिव्हर फ्लोटमध्ये, म्हणजे खाली ढकलून खटका बसेपर्यंत. मग बकेट आपल्या वजनाने जमिनीचा चढउतार पकडते. खाली दाब देऊन चालवलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग शोभेचं राहतं. गॅरेजच्या दारातून मागे ओढतानाही फ्लोटच, आणि बकेट फार खाली झुकवू नका. धार उभी करून मागे ओढताना ती डांबराच्या कडेला अडकली की बकेटच्या सिलिंडरचा रॉड वाकतो. लोडरच्या दुरुस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी हीच. दुसरी म्हणजे बकेटच्या एका कोपऱ्याने गोठलेल्या ढिगाला धडक. वेग माणूस चालतो तेवढाच.

खडीचा_रस्ता:

खूप उपयोगी. वजन आणि साखळ्या नक्की. दोन गोष्टी राहिल्या. ट्रॅक्टर उघड्या शेडमध्ये असतो, उणे २० ला सुरू करायची तयारी काय? आणि रस्ता साफ करणारी मोठी गाडी दरवेळी ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग टाकून जाते, त्याचं काय करता?

थंड_इंजिन:

पहिल्याचं उत्तर देतो.

डिझेल. थंडीत त्यातलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर बंद करतं. उन्हाळ्यातलं डिझेल टाकीत उरलं असेल तर ते आधी संपवा, मग हिवाळी डिझेल भरा. गोठण रोखणारं औषध टाकीत डिझेल पातळ असतानाच घालायचं. मेण झाल्यावर घातलेल्याचा उपयोग नाही. तसं झालंच तर ट्रॅक्टर ऊबेत न्या, नवा फिल्टर हिवाळी डिझेलने भरून बसवा. म्हणून एक फिल्टर कायम जवळ ठेवा. टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी होतं आणि तेच पाणी फिल्टरच्या वाटीत गोठतं. पेट्रोल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

इंजिनला ब्लॉक हीटर बसवून घ्या. सुरू करण्याआधी दोन-तीन तास लावला की पुरे, रात्रभर नको. वायर जाड आणि बाहेर वापरण्याजोगी हवी. बॅटरीची ताकद उणे १८ ला जवळपास निम्मी होते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी या थंडीत गोठत नाही, उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठू शकते. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं असलं की उणे ३५ पर्यंत काळजी नाही.

स्टार्टिंग स्प्रे (ईथरचा) ग्लो प्लग, म्हणजे सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, असलेल्या इंजिनात मारायचाच नाही. लालबुंद प्लगवर ईथर पेटतं ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी, पिस्टन फुटतात.

सुरू झाल्यावर लगेच कामाला लागू नका. हायड्रोस्टॅटिकचं तेल मधासारखं झालेलं असतं. १२०० ते १५०० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं. मग लोडर रिकामा, हळू, दोन-तीनदा वर-खाली. पंप कण्हतोय तोवर घाई नाही. शेड तीन बाजूंनी बंद असेल तर ही पंधरा मिनिटं बाहेर काढून करा, धूर आत साठतो.

ब्लोअर घेतलात आणि तो गरम गॅरेजमध्ये ठेवलात तर आणखी एक: काम सुरू करण्याआधी तो बाहेर थंड होऊ द्या. उबदार लोखंडावर स्नो वितळतो, लगेच गोठतो आणि धुराडं पहिल्या मिनिटाला भरतं. धुराड्याला आतून सिलिकॉन स्प्रे किंवा मेण लावलं की ओला स्नो कमी चिकटतो, पण दर खेपेला पुन्हा लावावं लागतं.

उतारावरचा:

तोंडाशी पडणाऱ्या ढिगाचा सोपा उपाय: तो ढीग म्हणजे गाडीच्या ब्लेडसमोर साठलेला स्नो, मोकळी जागा मिळाली की तिथे सांडतो. मग त्याला आधी जागा द्या. गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, ड्राइव्हवेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेने पाच-सहा मीटर लांब आणि दोन-अडीच मीटर आत असा खिसा साफ करून ठेवा. बराचसा माल त्यात रिकामा होतो, तोंडाशी थोडाच येतो. पूर्ण थांबत नाही, पण निम्म्याहून कमी.

जो येतो तो लगेच काढा. त्यात मीठ आणि चिखल असतो, काही तासांत दगड होतो. बकेटने वरून थर-थर कापायचा, खालून ढुशी देऊन नाही. आणि तो रस्त्यापलीकडे ढकलू नका, अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि सगळीकडे धोक्याचं. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर उंच ढीगही नको, बाहेर पडताना येणारी गाडी दिसत नाही.

ग्रीसगन:

ढिगांची जागा निवडताना दोन गोष्टी. ढीग ड्राइव्हवेच्या उताराकडच्या खालच्या बाजूला, नाहीतर दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काच होऊन पसरतं. आणि शौचालयाची टाकी, तिचं शोषक्षेत्र आणि जमिनीतली पाण्याची नळी यांच्यावरचा स्नो काढायचा नाही, त्यावरून ट्रॅक्टरही न्यायचा नाही. मोकळा स्नो तिथे गोधडीचं काम करतो. तो काढला किंवा दाबला की गोठण खोल उतरते आणि नळ्या गोठतात.

उतारावर बर्फ झालाच तर खडीवर फक्त वाळू. मीठ वापरलंत तर जपून केलेली गोठलेली पाटीच वितळेल. डांबरावर मीठ चालेल, पण उणे १० च्या खाली त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

खडीचा_रस्ता:

ठरलं: काँक्रीटचा ड्रम, चौकटीच्या साखळ्या, ६ फुटी मागचं ब्लेड, खिसा. ब्लेड लावायचं तेव्हा ड्रम काढावा लागेल, हे आत्ता लक्षात आलं. ब्लेडचं वजन पुरेल का?

पीटीओ_५४०:

हलकं ब्लेड १००-१५० किलोचं असतं, भरलेल्या बकेटसाठी ते पुरत नाही. दोन मार्ग. एक, ब्लेडच्या चौकटीवर वजनाच्या पाट्या बोल्टने बसवा. त्याने ब्लेडही कडक स्नोवर उड्या मारत नाही. दोन, टायरमध्ये द्रव भरा आणि ब्लेड लावलेलं असताना बकेटने फक्त ढकला, भरून उचलू नका. ढीग उंच रचायचे असतील त्या दिवशी ड्रम लावा.

ब्लेड १८० अंशात फिरवून रिव्हर्समध्ये ढकलता येतं, गॅरेजच्या दाराशी सोयीचं पडतं. पण थ्री पॉइंटचे हात ओढण्यासाठी बनवलेले असतात, ढकलण्यासाठी नाही. तसं करताना सर्वात हळू, आणि गोठलेल्या ढिगावर कधीच नाही.

पुढे कधी ब्लोअर घेतलातच तर पीटीओ शाफ्ट जसाच्या तसा लावू नका. शाफ्ट बहुतेकदा लांब येतो. ब्लोअर जोडा, थ्री पॉइंट हळूहळू वर-खाली करून दोन टोकांतलं अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते बघा. तिथे आतली नळी तळाला टेकता कामा नये, दोन-तीन सेंमी मोकळं हवं. अंतर सगळ्यात जास्त होतं तिथे दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी राहिल्या पाहिजेत. कापायचं तर आतली, बाहेरची आणि दोन्ही प्लास्टिकची आवरणं सारख्याच मापाने कापा, कड कानशीने घासा, ग्रीस लावा. टेकलेला शाफ्ट पहिल्याच उचलीत ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग आत ढकलतो.